फाटकापर्यंत गेलेली वीज

मी एक जुनी चिलखती केबल आहे. गोझो बेटावरच्या एका मेंढवाड्यात, दगडी भिंतीच्या कडेने मी पडून असते. माझी दोन्ही टोके आता कापलेली आहेत. मित्रांनो, माझ्या पोटात तांब्याच्या तारा आहेत, त्यांच्याभोवती पोलादी तारांचे चिलखत आणि वर काळे कातडे. कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटले होते, इतके जाड अंग आहे, आपले कोण काय वाकडे करणार?

मला इथे नार्दूने आणले. तो गावातला वीजमिस्त्री. त्याचा थोरला भाऊ बेर्तू मेंढ्या पाळायचा आणि भावजय चेत्ता त्यांच्या दुधाचे चीज करायची. घरापासून वाड्यातल्या पंपापर्यंत नार्दूने मला भिंतीला धरून नेले. घराकडचे माझे टोक त्याने लोखंडी पेटीत पितळी ग्लँडने, म्हणजे केबलची मान धरून ठेवणाऱ्या नळीने, आवळून बसवले. माझे चिलखत ग्लँडला, ग्लँड पेटीला आणि पेटी जमिनीला जोडलेली होती. मला कुठे इजा झाली असती, तर वीज त्या वाटेने जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. "भावोजींच्या हाताला गुण आहे," असे तेव्हा चेत्ताच म्हणाली होती. त्या बाईच्या तोंडून निघालेले तेवढेच एक गोड वाक्य मला आठवते.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडी पेटी खाऊन टाकली. नार्दूने प्लॅस्टिकची आणली. प्लॅस्टिक गंजत नाही, पण त्यातून वीजही जात नाही. म्हणून ग्लँडला एक पितळी कडे घालून, त्याला तार लावून, ती अर्थिंगला जोडावी लागते. काम किरकोळ असते, पण टाळता येत नाही.

तो पेटी बदलत होता त्या दिवशी अंगणात शेजारी जेवायला आले होते. पावावर टोमॅटो चोळून, तेल ओतून सगळे खात होते. नार्दूची बायको नुकतीच त्याला सोडून ऑस्ट्रेलियाला गेली होती. त्याला कोणी पाव दिला नव्हता.

"भावोजी, आटपा की. मेंढ्या तहानल्यात," चेत्ता म्हणाली.

"कडं घालायचं राहिलंय, वहिनी."

"कडं?" चेत्ताने पाहुण्यांकडे पाहिले. "बायकोच्या बोटात अंगठी टिकली नाही, आणि केबलला कडं घालायला निघालेत."

सगळे हसले. बेर्तूही हसला, तोंडात पावाचा घास असताना. नार्दूने भावाकडे पाहिले. मग हातातले कडे त्याने कोटाच्या खिशात टाकले आणि पेटीचे झाकण आवळले.

"झालं?" बेर्तूने विचारले.

"झालं, दादा."

पंप सुरू झाला. कोणाला काही कमी दिसले नाही. नार्दू मनात म्हणत असावा, वहिनी माफी मागेल तेव्हा जोडीन. कधी कधी तो रस्त्यावरून जाताना पेटीपाशी थांबायचा. घरातून चेत्ताचा आवाज आला की तसाच पुढे जायचा.

हिवाळ्यात बेर्तूने एडका बांधायला भिंतीच्या फटीत लोखंडी खुंटी ठोकली. तिचे टोक माझ्या बरगडीत घुसले आणि आतली तार चिलखताला टेकली. कड्याविना जमिनीकडे वाट नव्हती, म्हणून फ्यूज उडाला नाही. गळती ओळखून वीज तोडणारा स्विच त्या घरात नव्हता. माझे सगळे चिलखत विजेने भरले. वाड्याचे लोखंडी फाटक घासून घासून एका जागी माझे कातडे गेले होते. तिथून वीज फाटकात उतरली.

रविवारी बेर्तू वाडा धूत होता. एका मेंढीने फाटकाला नाक लावले आणि ती फेकली गेली. बेर्तू तिला उचलायला धावला. ओल्या पायांनी, फाटक धरून. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. चेत्ताने घरात पळत जाऊन मुख्य स्विच पाडला, तेव्हा कुठे त्याचा हात सुटला. थोड्या वेळाने मेंढी उठून उभी राहिली. बेर्तू उठला नाही.

नार्दू आला. त्याने पेटी उघडली. चेत्ता मागे उभी होती.

"यात काय नाहीये?"

"कडं."

"विसरलास?" आजवर ती त्याला कधी अरेतुरे बोलली नव्हती.

"नाही, वहिनी."

चौकशीला आलेल्या माणसाने खुंटी पाहिली आणि मृताचीच चूक ठरवली. नार्दू गप्प बसला. चेत्ताही गप्प बसली. दफनाच्या वेळी लोकांनी नार्दूची पाठ थोपटली. ते गेल्यावर चेत्ता त्याच्यापाशी आली.

"उद्या पहाटे धारा काढायला ये. त्याच्या जागी."

"वहिनी, पोलिसांना सांग. मी कबूल करतो."

"तुरुंगात बसून आयतं खाशील. इथं ये. रोज."

"कधीपर्यंत?"

"मेंढ्या आहेत तोवर."

"त्यांना तर कोकरं होतच राहणार."

"हो," चेत्ता म्हणाली.

मित्रांनो, भांडण कोणाला चुकले आहे? पोटभर भांडा. पण हातातले काम पुरे करा आणि मग भांडा. राग कोणावर होता, हे विजेला कोणी सांगत नाही.

माझ्यातून आता काही वाहत नाही. नार्दूचे केस पिकले. तरी तो रोज पहाटे येतो आणि मूठ विजेला चिकटू नये म्हणून वीजमिस्त्री करतात तसा आधी हाताचा मागचा भाग फाटकाला हळूच लावून पाहतो. दारात चेत्ता उभीच असते.

"तळहातानं," ती म्हणते. "त्यानं धरलं होतं तसं."

आणि नार्दू फाटक मुठीत धरून उघडतो.