न टेकलेला तंतू

दवाखान्यातला पाय तपासायचा, काडीला लावलेला नायलॉनचा जाड तंतू तिनं हातात घेतला. तो तळव्याला टेकवायचा आणि समोरच्यानं डोळे मिटून, स्पर्श जाणवला की ‘हो’ म्हणायचं. मधुमेहानं पाय बधिर झाला असेल तर इथंच कळतं.

"मिटा डोळे, काका."

"शिंप्याला दोरा दाखवतेस होय गं पोरी?"

पिशवी मांडीवर घेऊन बसलेली त्यांची बायको म्हणाली, "चेष्टा पुरे. परवा टाचेत सुई मोडली, यांना पत्ताच नाही."

"हो," काका म्हणाले. "हो. हो."

पायमशीन चालावं तसं, एका लयीत. तिचा हात थांबला. तंतू हवेतच होता.

"हो," काका म्हणाले.

बाबाही असेच म्हणाले होते, गेल्या हिवाळ्यात, घरच्या पलंगावर. इतरांना तपासताना ती मध्येच हात रोखून खात्री करून घ्यायची. बापाची कसली परीक्षा घ्यायची? दहाच्या दहा ‘हो’ ऐकून ती निर्धास्त झाली. दिव्याखाली अंधार तो असा. पाय गार पडलेत म्हणाले, म्हणून टबात गरम पाणी तिनंच ओतलं. "सोसतंय ना?" "घाल अजून." कातडं सुटलं तेव्हा ते पेपर वाचत होते. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग बाबाच. "दिवसभर लोकांचे पाय बघतेस, घरी आणखी माझा ताप कशाला," एवढंच शेवटी बोलले.

"काका, आत्ता मी टेकवलंच नव्हतं."

काकूंना हसू फुटलं आणि अर्ध्यात विरलं.

"नापास केलंस तर घरचे मशीन बंद करायला लावतील," काका हळूच म्हणाले.

"चालवा की. पण बूट घालून, आणि घालण्याआधी आत हात फिरवून. काकू, रोज तळवे तुम्ही बघायचे. पाणी तुमच्या कोपरानं तपासायचं. यांना विचारायचं नाही."

"अगं, चाळीस वर्षं यांना विचारल्याशिवाय मीठ घातलं नाही मी!"

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली.

काकू पिशवी खाली ठेवून पुढे सरकल्या. काकांनी आपणहून डोळे मिटले. "घे पुन्हा."

तंतू वाकेपर्यंत तिनं टेकवला. मग दुसऱ्या जागी. मग टाचेला. ती थांबून वाट बघत होती. काकांचे ओठ एकदा हलले, पण या वेळी त्यांनी ‘हो’ म्हटलं नाही.