तिसऱ्या पिंडाचं नाव

मी एक नाव बोलतोय. नुसतं नाव, बरं का. मला हाडं नाहीत की मांस नाही. कुणी तोंडी घेतलं तर जिवंत, नाहीतर भूत.

माझं मूळ म्हणे तिरुपतीच्या वेंकट डोंगरात. मराठीनं मला 'जी' लावून व्यंकोजी केलं आणि तंजावरच्या पहिल्या मराठी राजाला चिकटवलं. कुणी व्यंकाजी म्हणे, कुणी एकोजी. तमिळ जिभेवर मी वेंगोजी झालो. मी कशालाच नाही म्हटलं नाही. नावानं रुसून भागत नाही.

राजा गेला, राज्यही गेलं. पुढे कधीतरी तंजावरच्या एका कारकुनानं हौसेनं मला आपल्या मुलाला ठेवलं. त्या मुलाचा पणतू अनंतकृष्ण, चेन्नईच्या वेस्ट मांबलममधला. दर अमावास्येला ते तर्पण करत. आधी वडील, मग आजोबा, तिसरा मी. ओंजळभर पाण्यावर मी पन्नास वर्षं काढली.

यंदा अनंतकृष्णच गेले. बाराव्या दिवशी गेलेल्याचा पिंड वरच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. मग सर्वांत जुना माणूस पंगतीतून उठतो. त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. उठायची पाळी माझी होती. निदान नाव घेऊन निरोप द्यावा, एवढीच माझी इच्छा.

वाद्यारांनी, म्हणजे भटजींनी, मुलाला विचारलं, "अप्पावोड कोळ्ळुत्तात्ता पेर?" वडिलांच्या पणजोबांचं नाव काय?

गिरिधर अड्यारच्या ऑफिसात मोठा साहेब, पण इथं त्याची बोबडी वळली. "ते अप्पाच म्हणायचे, सार. मज ठाऊक नाही."

"मग नारायण म्हणा. चालतं."

म्हणजे माझा निरोपही नारायणाच्याच नावावर.

स्वयंपाकघराच्या दारात अलमेलू उभी होती, अनंतकृष्णांची बायको. दाराआडून ऐकून ऐकून तिला मी पाठ झालो होतो. पण सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. मी तिच्या जिभेवर तळमळत होतो. वाद्यारांनी तिसरा पिंड उचलला तशी ती म्हणाली,

"थांबा वाद्यार. व्यंकोजी."

आणि तिनं दचकून मागे पाहिलं, जणू कुणी येऊन उभं राहिलं होतं.

मला मंत्रात घेतलं. पिंड मिसळले. माझं संपलं.

तिन्हीसांजेला, पाहुणे गेल्यावर, ती गॅलरीतल्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी आली. बावन्न वर्षांच्या संसारात ती 'अहो'च्या पुढे गेली नव्हती. सकाळी माझ्यामुळे तिचं तोंड उघडलं होतं. आधी ती पुटपुटली, मग स्पष्ट म्हणाली, "अनंतकृष्ण."

ओ आली नाही.

इतक्या वर्षांत मला असं भय वाटलं नव्हतं. बाबांनो, ज्याचं नाव घ्यायचं ते तो ऐकतोय तोवर घ्या. मी निघालो. ती अजून हाक मारते आहे.