एकटीचं प्रायश्चित्त

कोशाच्या कचेरीत मागच्या बाजूला एक खोली होती. तिची खिडकी कायम बंद, कारण रस्त्यावरचा गोंगाट आत आला की वाचन बिघडायचं. मधोमध टेबल आणि दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. एका खुर्चीत थोरली बसायची आणि इंग्रजी-मराठी कोशाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, इंग्रजी शब्दाचं अक्षरन्‌अक्षर सुटं करून. समोर तिची सख्खी धाकटी बहीण लाल पेन घेऊन प्रुफावर नजर ठेवायची आणि ओळ जुळली की ‘हं’ म्हणायची.

खोलीचा नियम एकच, पण कडक. प्रतीत नाही ते तोंडातून काढायचं नाही. ऐकणाऱ्याचा हात विचार करत नाही ना. कानावर पडलं आणि प्रुफात दिसलं नाही, की तो काकपदाची खूण करतो आणि सुटलेला मजकूर समासात लिहून मोकळा होतो. मागच्या आवृत्तीच्या वेळी एका वाचकबाईनं उकाड्यानं हैराण होऊन जोडीदाराला दोन शब्द सांगितले, आणि ‘मठाधिपती’ या अर्थापुढे ‘पंखा जरा वाढव’ असं छापून आलं. अख्खी कचेरी मुख्य संपादकांना पाठीमागे शब्दमहाराज म्हणायची. त्या दिवसापासून मठ म्हटलं की शब्दमहाराजांना घाम फुटायचा.

या दोघींच्या हातून असलं काही होत नसे. होणार कसं? त्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या. शेवटच्या आजारात आई थोरलीकडे होती आणि धाकटी नोकरीपायी परगावी. थोरलीनं तिला कळवलं ते सगळं आटोपल्यावर. “फोन लागतच नव्हता गं,” एवढंच ती तेव्हा म्हणाली. धाकटीनं ऐकून घेतलं आणि तोंडाला कुलूप लावलं. पुढं ती परत आली, याच कचेरीत लागली. शब्दमहाराजांना घरचं काय ठाऊक? “बहिणी आहात, आवाज कानाच्या सवयीचा आहे,” म्हणून त्यांनी दोघींना समोरासमोर बसवलं आणि इतकी बिनचूक जोडी मिळाली म्हणून खूश झाले. माणसाला कशाचं कौतुक वाटेल, काय सांगावं.

आता थोरलीच्या घशात गाठ निघाली होती. उद्या शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: गाठ जाईल, पण बरोबर आवाजही जाईल, बहुधा कायमचा. नवी आवृत्ती अजून पहिल्याच अक्षरात होती आणि थोरलीचा हा वाचनाचा शेवटचा दिवस होता. धाकटीला कचेरीतून कळलं असणारच, पण ती चकार शब्द बोलली नव्हती.

थोरलीला तिला एक गोष्ट सांगायची होती. लिहून देता आली असती. पण तोंडानं खोटं बोलले ते तोंडानंच खोडलं पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सकाळपासून ती धीर गोळा करत होती आणि दर वेळी प्रतीतली पुढची ओळच वाचत होती. अशात दुपार टळली आणि तो शब्द समोर आला.

“ए, टी, ओ, एन, ई,” तिनं वाचलं. आवाज आताशा खरखरीत झाला होता. “उच्चार, अटोन. क्रियापद. अर्थ, प्रायश्चित्त करणे, स्वल्पविराम, पापाची भरपाई करणे, पूर्णविराम.”

“हं.”

“व्युत्पत्ती. ॲट आणि वन हे दोन शब्द जोडून, स्वल्पविराम, म्हणजे एक असणे, स्वल्पविराम, एकमनाने असणे, पूर्णविराम. जुना अर्थ, दुरावलेल्या दोघांचा समेट करणे, पूर्णविराम.”

“हं.”

थोरली पुढं वाचेना. दुरावलेल्या दोघांचा. तिनं स्वतः काय कमी केलं होतं? गोड सोडलं. देवापुढं तासन्‌तास बसली. आईची शाल गुपचूप धाकटीच्या खुर्चीवर ठेवून आली. रोज मनातल्या मनात नाक घासलं. पण ते सगळं एकटीनं, दार लावून. जिचा अपराध केला ती हातभर अंतरावर बसली होती आणि तिला यातलं काहीच पोचलं नव्हतं. हे सगळे कष्ट आपण आपल्याच समाधानासाठी उपसले, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःची शरम वाटली.

तिनं प्रतीवरची नजर काढली नाही. त्याच सुरात, त्याच लयीत ती बोलत राहिली.

“आई गेली तेव्हा फोन लागत होता, पूर्णविराम. मी तो उचलला आणि परत ठेवला, पूर्णविराम.”

धाकटीच्या हातानं काकपदाची खूण केली आणि समासात लिहायला घेतलं. ‘आई गेली तेव्हा फोन’ इथवर लाल अक्षरं सरळ गेली. मग पेन थांबलं.

“शेवटचे दोन दिवस ती तुझंच नाव घेत होती, पूर्णविराम. इतकी वर्षं तिचं हगणं-मुतणं मी काढलं आणि तिच्या तोंडी तू, पूर्णविराम. माझा जळफळाट झाला. म्हणून नाही कळवलं.”

शेवटचे दोन पूर्णविराम म्हणायचे राहिले. थोरलीला ते कळलंही नाही.

अबोला धरल्यापासून धाकटीनं या खोलीत स्वतःचा असा शब्द उच्चारला नव्हता. आता बोलली ती अगदी हळू.

“मला वाटायचं, मी सोडून गेले म्हणून ती रागावली. माझी आठवणसुद्धा न काढता गेली असं मी धरून चालले होते, ताई. रोज.”

हे थोरलीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आईची भेट हुकवली एवढंच आपलं पाप, असा तिचा हिशेब. धाकटी रोज मनात काय वागवत होती, हे तिला आज कळत होतं. तिनं हात पुढं केला. धाकटीनं तो घेतला नाही.

“माफ केलं असं मी म्हणणार नाही,” धाकटी म्हणाली. “ते माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही. मी पोचले असते गं. रात्रीच्या गाडीनं पोचले असते.”

“हो. पोचली असतीस.”

“आणि मला हे तू आज सांगतेस.”

“आजच. उद्या सांगता येणार नाही.”

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते प्रुफावर पडू नये म्हणून तिनं कागद बाजूला सारला, पेनाला टोपण लावलं आणि पहिल्यांदा बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. वाळली होती थोरली. गळ्याची शीर वर आली होती.

“काय म्हणायची?” तिनं विचारलं. “नाव घ्यायची म्हणजे नेमकं काय म्हणायची?”

“तू शाळेतून आलीस असं तिला वाटायचं. दाराकडे बघून विचारायची.”

“ती म्हणाली तसंच म्हण.”

“माझा आवाज बघ कसा झालाय.”

“तिचाही शेवटी असाच झाला असेल. म्हण.”

थोरलीनं घसा साफ करून पाहिला. मग नाद सोडला, आणि जसा होता तसा आवाज लावला.

“चिमे,” ती म्हणाली, “आलीस का गं? जेवलीस का?”

धाकटीनं मान हलवली.

“नाही गं आई,” ती म्हणाली. “अजून नाही.”