न थांबण्याचा कायदा

पुलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर हार्लनने डिकी उघडली, पोलादी पेटी जागच्या जागी जराशी उचलून पाहिली आणि तिचं कुलूप दोनदा ओढलं. मग समाधानाने डिकी लावली. वर्ना कॉफीचा पेला हातात धरून नदीकडे बघत उभी होती. पेटीत पिस्तूल नाही, पिस्तुलाच्या वजनाचा राजमा आहे, हे त्या दोघांपैकी फक्त तिला माहीत होतं.

"जाऊन आलीस ना?" त्याने विचारलं. "आता मध्ये कुठे थांबायचं नाही."

"आले. दोनदा."

"चेष्टा नको, वर्ना. नदीपलीकडे आपला परवाना म्हणजे नुसता कागद."

हे वाक्य तिने चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते उलटंही म्हणता आलं असतं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही. मात्र पिस्तूल रिकामं, पेटीत आणि डिकीत कुलूपबंद असेल, आणि माणूस ते बाळगायला मुभा असलेल्या एका राज्यातून तशाच दुसऱ्या राज्यात सरळ निघाला असेल, तर वाटेतलं राज्य त्याला अडवत नाही. फक्त त्याने मध्ये मुक्काम करायचा नाही, कुणाकडे पाहुणचाराला जायचं नाही. कायद्याची ती पानं हार्लनने छापून समोरच्या खणात ठेवली होती. वीस वर्षं तो नेमबाजीच्या क्लबात परवान्याचे वर्ग घेत आला होता. दर सप्टेंबरला तो व्हरमाँटला, लष्करातला जुना मित्र ड्वेन याच्या लाकडी घरी आठवडाभर राहायला जाई आणि दोघे म्हातारे मिळून रिकाम्या डब्यांवर नेम धरीत. या खेपेला वर्ना हट्टाने बरोबर निघाली होती.

व्हरमाँटचा रस्ता बून्टनवरून जायचा, आणि बून्टनला त्यांची एकुलती एक मुलगी राहायची. चार वर्षांपूर्वी वसंतात थिओ जन्मला तेव्हा जोलीनने फोन केला होता. "बाबा, जरूर या. पण ते घरी ठेवून या. बाळ आहे घरात." हार्लनला ते फार लागलं. "दारात झडती देऊन नातू बघायचा का मी?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. सुरुवातीला तो म्हणायचा, "मी जाणार नाही." पुढे पुढे म्हणायला लागला, "मला जाता येत नाही, कायदा आहे." वर्ना वर्षातून दोनदा बसने एकटी जाऊन येई. आता जावयाला ॲरिझोनात नोकरी लागली होती. परवा, शनिवारी, सामानाचा ट्रक यायचा होता. ॲरिझोनाला बसने जाण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं, आणि हार्लन तर विमानाचं नावही काढू देत नसे. त्याने नातवाला पाहायचं असेल तर ते आजच.

काल संध्याकाळी तो अंघोळीला गेल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर राजमा तोलला होता. बून्टनची पाटी आली की त्याला काय सांगायचं, तेही इस्त्री करता करता घोकून ठेवलं होतं. पेटीत काही नाही, हार्लन. कायदा बाजूला झाला. आता तुझं तू सांग. पण खोटेपणाची त्याला किती चीड आहे हे एक्केचाळीस वर्षांत तिने पाहिलं होतं. तो तिथल्या तिथे गाडी वळवून घरी परतेल, आणि मग दोघी मायलेकींच्या हाती काहीच राहणार नाही, ही भीती तिला पुलापासून छळत होती.

हार्लन मर्यादेपेक्षा पाच मैल कमीच वेगाने चालला होता. मागचे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते.

"सँडविच देऊ?"

"गाडी चालवताना नको."

"मग कधी? थांबायचं तर नाही म्हणतोस."

त्याने वरचा आरसा नीट केला. बून्टन दोन मैल, अशी पाटी आली. वर्नाने घोकलेलं पहिलं वाक्य आठवायला घेतलं आणि ते सापडेना. तेवढ्यात हार्लनने गाडी डावीकडच्या पट्ट्यात घेतली, म्हणजे उजवीकडे उतरायचा विचारसुद्धा मनात येऊ नये.

"हार्लन, थांब."

"इथे थांबणं हा गुन्हा आहे."

"जोलीन परवा जातेय. थांब म्हणते ना!"

तिने त्याची बाही धरून ओढली. गाडी पांढरी रेघ ओलांडून झोकांडली, शेजारचा ट्रक कर्कश ओरडला, आणि हार्लनने कशीबशी ती पुन्हा सरळ केली. बून्टनचा फाटा मागे गेला. अर्ध्या मिनिटात आरशात निळे-लाल दिवे दिसू लागले.

हार्लनने गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हे सगळं तो वर्गात शिकवायचा त्याच क्रमाने झालं. त्यापुढचं काय ते वर्नाला ठाऊक होतं. त्यांच्याकडची रीतच ती. पोलिसाने विचारायच्या आत आपण होऊन सांगायचं.

"हार्लन, काही बोलू नकोस. त्या पेटीत..."

"वीस वर्षं लोकांना शिकवलंय मी. लपवणाऱ्यांतला नाही मी."

"अरे, ऐक तरी..."

पण पोलीस खिडकीशी आली होती. तिशीची असेल. छातीवर मेडेरोस असं नाव.

"मॅडम," हार्लन म्हणाला, "गाडीत पिस्तूल आहे. रिकामं, पेटीत, डिकीत, कुलपात. पेनसिल्व्हेनियाहून व्हरमाँटला चाललोय. मध्ये कुठे थांबलेलो नाही आणि थांबणार नाही."

घरच्या बाजूला असं सांगितलं की पोलीस मान डोलावतात, आभार मानतात. मेडेरोस एक पाऊल मागे सरली. तिचा उजवा हात कमरेकडे गेला.

"हात तसेच ठेवा. दोघांनीही."

तिने खांद्यावरच्या यंत्रात काहीतरी सांगितलं. पाच मिनिटांत दुसरी गाडी आली, तीतून एक दांडगा पोलीस उतरला. दोघांना खाली उतरवून लोखंडी कठड्याशी उभं केलं. डिकी उघडून बघायची परवानगी आहे का, असं मेडेरोसने विचारलं, तेव्हा हार्लनने चावी काढून दिली.

"बघाच. कायद्याचा कागद समोरच्या खणात आहे, तोही बघा."

"मॅडम, मला सांगायचंय की..." वर्ना म्हणाली.

"तुम्हाला विचारेन तेव्हा बोला."

कुलूप निघालं. मेडेरोसने झाकण उचललं आणि बराच वेळ आत पाहिलं. मग दोन बोटांत धरून पिशवी वर काढली.

"हे काय आहे?"

हार्लनने मान पुढे करून पिशवीतला राजमा पाहिला.

"पिस्तूल कुठे आहे, मिस्टर?"

"त्यातच आहे. काल संध्याकाळी मी माझ्या हाताने..."

"त्यात नाही. गाडीत पिस्तूल आहे असं तुम्ही मला सांगितलंत. कुठे आहे?"

"मला माहीत नाही."

त्याच्या तोंडून निघू शकणारं ते सगळ्यात वाईट उत्तर होतं, आणि ते खरं होतं. दांडग्या पोलिसाने बाकांखाली हात घातले, गाद्या उचलल्या. वर्नाची पर्स त्याने गाडीच्या टपावर उपडी केली. औषधाच्या गोळ्या, चष्मा, थिओसाठी घेतलेली लाकडी बदकं. हार्लन उन्हात ताठ उभा होता, दोन्ही हात पोलिसांना दिसतील असे पुढे धरून. ते पाहून वर्नाला स्वतःचा संताप आला. या माणसाने आयुष्यात कधी पोलिसाला थाप मारली नव्हती, आणि आज तिने त्याला खोटं पाडलं होतं.

"घरी आहे," ती मोठ्याने म्हणाली. आता विचारायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. "त्याच्या कपाटात, कुलपात. गोळ्या वेगळ्या डब्यात. तो शिकवतो अगदी तसंच ठेवलंय. मी काढलं. त्याला माहीत नाही."

"का काढलंत?"

"आमची मुलगी इथे राहते. परवा ती कायमची लांब चाललीय. हा पिस्तुलापायी तिच्याकडे जात नाही."

दांडग्या पोलिसाने राजम्याच्या पिशवीत हात घातला, चाचपलं, आणि तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. मेडेरोस हसली नाही. दोघांनी गाडी पुन्हा एकदा पाहिली. मग दांडगा निघून गेला.

हार्लन पाठ फिरवून कठड्यापलीकडच्या झाडांकडे बघत होता. त्याने ओरडावं, काही टाकून बोलावं असं वर्नाला वाटत होतं. आता हा गाडीत बसेल आणि घराची वाट धरेल, ती मनात म्हणाली. तिने बदकं रुमालात गुंडाळून ठेवली.

मेडेरोस कागद घेऊन आली.

"पट्टा सोडल्याबद्दल नुसती ताकीद लिहितेय. चाललात कुठे? व्हरमाँटच ना?"

वर्नाने हार्लनच्या पाठीकडे पाहिलं. ते उत्तर तिने द्यायचं नव्हतंच.

"बून्टन," हार्लन म्हणाला. त्याने वळून पाहिलं नाही. "एकशे चौदा, हेझेल स्ट्रीट."

"फाटा मागे राहिला. पुढून वळून यावं लागेल."

"हो. पण शाळेकडून यायचं नाही. तीन वाजता तिथे बस लागतात, अडकायला होतं. दवाखान्याच्या भिंतीला गाडी लावायची. दोन तास कोणी हटकत नाही. दार सरळ समोर दिसतं."

वर्नाचा हात पर्सच्या बंदावर थांबला. ती बसच्या थांब्यावरून चालत जायची. दवाखान्याची भिंत तिने कधी धड पाहिलीही नव्हती.

"आधी आलेले दिसता," मेडेरोस लिहिता लिहिता म्हणाली.

हार्लन मागे वळला. त्याने डिकीतल्या उघड्या पेटीकडे पाहिलं, मग पोलिसाच्या डोळ्यांकडे.

"चार वेळा," तो म्हणाला. "दर सप्टेंबरला. गाडीतून उतरलो नाही."

पेन थांबलं. बाजूने एक ट्रक गेला, मग आणखी एक. मेडेरोसने कागद फाडला आणि चावीसकट वर्नाच्या हातात दिला.

"गाडी तुम्ही चालवा," ती म्हणाली.