जयवंताबाईंच्या छपरावरचा धुराचा पाईप

मित्रांनो, सौंसरजवळच्या आमच्या गावात कधी आलात, तर वामनच्या घराच्या कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, नजर टाका. त्यांतून डोके बाहेर काढून उभा असलेला काळवंडलेला सिमेंटचा पाईप दिसेल. तो मी. माझे वय अवघे तीन वर्षांचे. तरीही मी स्वतःला जुना म्हणवतो. रोज दोन वेळा धूर प्यायल्यावर तारुण्य फार काळ टिकत नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी साच्यात मला ओतले आणि ओल्या पोत्यांखाली आठ दिवस निजवले. आपण पोकळ आहोत याची तेव्हा मला फार लाज वाटे. विटेला भार असतो, कवेलूला सावली असते. माझ्यापाशी काय होते? केवळ एक रिकामी जागा.

एके सकाळी सावरगावच्या पुष्पाबाईंनी मला निवडले. त्या बिनधुराच्या चुली बांधायला शिकल्या होत्या. बसच्या टपावरून सौंसरला, तिथून बैलबंडीतून मी या घरी पोचलो. वामन संत्र्याच्या बागेत कामाला जाई. घरात त्याची आई जयवंताबाई, बायको कुसुम आणि दोन वर्षांची अलका. चूल पेटली की अलकाला दम लागे, बरगड्या आत-बाहेर होत. सौंसरचे डॉक्टर म्हणाले होते, "औषध देतो, पण पोरीला धुरातून काढा." कुसुमच्या माहेरी, रामाकोन्याला, चूल उघड्या अंगणात होती. घरातला धूर थांबला नाही तर अलकाला तिथेच ठेवायचे, असे तिने ठरवले होते. आणि नातीवाचून जयवंताबाईंना घास उतरत नसे.

तरीही पुष्पाबाईंनी माझ्यासाठी दोन कवेलू काढले, तेव्हा जयवंताबाई कडाडल्या.

"काहून वं, छपराले भोक पाडून राहिली? पावसाचं पानी का तुह्या घरी नेशीन?"

"नाई येत पानी, मावशी. वरतून टोपी बसवून राहिली ना मी."

"पाईपले टोपी! अन् माह्या वामनले लग्नातबी टोपी नाई भेटली!"

सगळे हसले, मग त्याही हसल्या.

माती, कुटाराचा भुसा आणि शेण कालवून चूल उभी राहिली. तिला दोन तोंडे होती. मागच्या तोंडातून चार बोटे रुंद अशी धुराची वाट माझ्या पायाशी येत होती. चूल वाळली. कुसुमने कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवल्या.

मित्रांनो, तो क्षण कसा सांगू! पायाशी ऊब आली, काहीतरी दाटले, आणि मी माझ्या साऱ्या रितेपणानिशी त्याला वर ओढले. अंगणातून वामन ओरडला, "निघाला! माय, निघाला! धूर वरतून निघून राहिला!"

आत जयवंताबाई चकित होऊन चारी दिशांना पाहत होत्या. "अवं कुसुम, मले तं भितीवरची पालबी दिसून राहिली!"

अलका खोकली नाही. त्या दिवशी मला प्रथमच माझ्या पोकळपणाचा अभिमान वाटला.

शेजारच्या बायका मला पाहायला येऊ लागल्या. जयवंताबाई रोज पहाटे चूल सारवीत; वरून तर सारवीतच, पण मागच्या तोंडात हात घालून आतूनही. "वरतून चकचक अन् आतून मळकं, असं मले नाई जमत," असे त्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगत.

दुसऱ्या हिवाळ्यात धूर घरात परतला. वामनने छपरावर चढून बांबूला चिंधी बांधली आणि माझी काजळी काढली. उपयोग झाला नाही. "या पाईपाचाच दम सरला," असे तो म्हणाला. माझ्यापर्यंत धूर पोचतच नव्हता. पण ज्याला वाणी नाही, त्याने आपले निरपराधपण कोणाला सांगावे? अलकाची छाती पुन्हा घरघरू लागली. कुसुमने तिचे फ्रॉक पिशवीत भरले.

"उद्या पोरीले नेतो मी रामाकोन्याले, आत्याबाई."

"ने माय. पोरीचा जीव मोठा." जयवंताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले.

त्याच सायंकाळी वामन सावरगावहून पुष्पाबाईंना घेऊन आला. त्यांनी चुलीत हात घातला आणि त्या थबकल्या.

"मावशी, इथं माही चार बोटं जात होती. आता दोनबी अडकून राहिली. आतून सारवता का?"

"एक दिवसबी चुकली नाई मी," जयवंताबाई ताठ मानेने म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिले. "म्हंजे… मीच बुजवली वाट?"

"हात गुणाचा हाय तुमचा. फक्त आत नका घालू."

नखाहून पातळ एकेक थर, आणि दीड वर्षाच्या पहाटा! जयवंताबाईंनी कोणालाही हात लावू दिला नाही. स्वतः खुरपे घेऊन त्यांनी ती माती खरवडली. पोपडे निघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीही.

चूल पुन्हा पेटली. मी जिवाच्या आकांताने ओढले, आणि धूर आला! भरभरून, सळसळत, माझ्या अंगातून थेट आभाळात! कुसुम अलकाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने बराच वेळ लेकीच्या छातीवर कान ठेवला. मग पिशवी उघडली आणि फ्रॉक पुन्हा दांडीवर टाकले.

मित्रांनो, ममतेनेही कोणाचा श्वास कोंडू शकतो, हे मी या घरात पाहिले. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्याची वाट आतून सारवू नका. महिन्यातून एकदा काजळी झाडा आणि चूल थंड असताना धुराची वाट बोटांनी मोजा. अलका आता पाच वर्षांची आहे. चुलीपाशी बसून ती बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत एका दमात जाते. तो दम तेवढा सांभाळा.