दमट हवा

गोदामात 'टक्' आवाज झाला तेव्हा वहिनी चहाचा कप विसळत होती. कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. भट्टी चालवणारा तिचा धाकटा दीर म्हणायचा, त्याचं ऐकून बाकीच्यांनीही उचललं. तपासणीचं काम तिचं.

ती गोदामात गेली. मोटारीच्या दारात बसवायच्या पोलादी पट्ट्या रॅकवर ओळीने उभ्या होत्या. बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवणारी हीच पट्टी. कोणी हात लावला नव्हता, काही पडलं नव्हतं. तरी एका पट्टीच्या वाकावर केसाएवढी चीर गेली होती. ही पट्टी तिने कालच पास केली होती.

ती तडक भट्टीपाशी आली. पत्रा आत जाई, बघता बघता लालबुंद होई आणि थंड साच्यात दाबला की क्षणात कडक. भट्टीला कोरडी हवा देणाऱ्या यंत्राचा दिवा विझलेला होता.

"भाऊजी, ड्रायर बंद?"

"सारखा ट्रिप होतो हो. लाइन थांबली की साहेब माझ्या नावाने शंख करतात. आणि हवा ती हवा, तिला काय सर्दी होणार आहे?"

"कधीपासून?"

"सोमवारपासून. पास तर तुम्हीच केल्यात की सगळ्या!"

केल्या होत्या. दमट हवेतल्या पाण्यातून सुटलेला हायड्रोजन तापल्या पोलादात शिरतो आणि दबा धरून बसतो. तपासताना काही दिसत नाही. मग कोणी न छेडता पट्टी तडकते.

तिने पट्ट्या घेणाऱ्या मोटार कारखान्याला फोन लावला. दिराने तिचा हात धरला.

"एक फुटली ना? भंगारात टाका. माझी नोकरी गेली तर दादाला काय सांगाल?"

"तडकलेली सापडली, ती एक. बाकीच्यांचं काय?"

पलीकडून बाई म्हणाली, "सोमवारी बनलेला, मंगळवारी आलेला माल? आमच्याकडे साठा नसतो, आला तसा बसतो. त्या मोटारी सकाळीच गेटबाहेर गेल्या."

"कुठे गेल्या?"

"सगळीकडे. का हो, काय झालं?"

वहिनीने दिराकडे पाहिलं. त्याने मान हलवली: नको.

"पट्ट्या मी पास केल्या होत्या," ती फोनमध्ये म्हणाली. "त्यांच्यावर विसंबू नका. एकूण एक मोटार परत बोलवा."

दिराने मुकाट्याने भट्टी बंद केली. आत गेलेला पत्रा तिथेच लाल होऊन राहिला.