राजाची उडी

"काका, पहिल्या चालीला प्यादं दोन घरं चालतं इथं," पटापलीकडचा शिवम हसला. वाशिमचा इंजिनिअर पोरगा.

"मालूम हाय. आमी दमानं निंगतो," देवमनभाऊ म्हणाले.

मी भिंतीशी उभा होतो. हा माणूस कशाच्या भरवशावर खेळतोय, ते एकट्या मलाच ठाऊक.

देवमनभाऊ आमच्या मेडशीचे वॉलमन. गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं, उरलेला वेळ पारावर बुद्धिबळ. तीस वर्षांत गावात हरले नाहीत. पण तो गावठी डाव. राजाला शह बसला नसेल, तर एकदा तो घोड्यासारखा अडीच घरं उडतो. भाऊंची सगळी मांडणीच त्या उडीवर.

सकाळी एसटीत त्यांनी विचारलं, "काहून बे भागवत, थ्या स्पर्धेत राजाची उडी चालते ना?"

"चालते ना! कायले घाबरून राह्यले भाऊ?" मी ठोकून दिलं. वाटलं, पहिल्याच फेरीत फजिती होईल, पारावर आठ दिवस हसायचा माल मिळेल.

पण चार फेऱ्या ते उडी न मारताच जिंकले. चहाच्या वेळी खरं सांगणार, तोच पाठीवर थाप पडली. "तू होता म्हणून आलो बे." मी त्यांना आणखी एक चहा आणून दिला. आता ही शेवटची फेरी. जिंकणारा जिल्ह्याच्या संघात. आणि मधे बोललं की पंच बाहेर काढणार.

शिवमचे वजीर-हत्ती एका रांगेत आले. पुढच्या खेळीला मात. भाऊंचा राजा मधोमध उघडा.

भाऊ गालात हसले. राजा उचलला. अडीच घरं.

पंच धावले. "काका, ही चाल नियमात नाही. राजाला हात लावलाय, आता राजाच हलवा."

भाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी चपला बघत राहिलो.

"चालते म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?" शिवमनं विचारलं.

"कोनी नाई. माह्यीच चूक."

त्यांनी राजा एक घर सरकवला. शिवमनं मात केली. भाऊंनी उठून त्याच्याशी हात मिळवला.

संध्याकाळच्या एसटीनं परतलो. उतरताना भाऊ फक्त म्हणाले, "जातो बे."

त्यांच्या जागी मी असतो, तर माझी गल्ली महिनाभर कोरडी ठेवली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हटलंही, "हंडे नको मांडू. आज पानी येत नाई."

ठरल्या वेळी, सहाला, नळ खुळखुळला. नेहमीचीच धार.

हंडा भरून वाहायला लागला, तरी मी नळ धरून तसाच उभा.